मेंढरांच्या पुतळ्या

सोनं चारा खात नाही आणि पाणी पीत नाही, एवढ्या एकाच गुणावर भाळून धुळाप्पानं मेंढरं विकायचं ठरवलं. माणूस तसा खुळा नव्हता. मेंढीच्या पाठीवर हात फिरवून ती गाभण आहे की नुसतंच पाणी पिऊन फुगलीय हे सांगायचा. पण एखादा विचार त्याच्या डोक्यात शिरला की तो बाहेर काढणं आजवर कुणाला जमलं नव्हतं, कोंडाबाईलासुद्धा नाही, आणि ती तर त्याची बायको होती.

साल पंच्याऐंशीचं. जळकोटच्या सडकेपासून आत, माळाच्या कडेला या दोघांचं घर होतं. दोन्ही पोरी लग्न होऊन कर्नाटकात नांदायला गेलेल्या. घरात नवरा-बायको आणि मागच्या काट्याच्या कुपाट्यात चाळीसेक मेंढरं, एवढाच संसार. सलग दुसऱ्या साली पावसानं तोंड फिरवलं आणि माळावर कुसळसुद्धा उरलं नाही. बोरी-बाभळीचा पाला ओरबाडून संपला. मेंढरं एकमेकांची लोकर चघळायला लागली तेव्हा धुळाप्पा गावातल्या सोसायटीच्या चारा डेपोवर गेला. तिथं चेअरमन आबाराव खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी समजावून सांगितलं की चारा गाई-बैलांसाठी आहे, मेंढरू सरकारच्या हिशेबी जनावरात मोडत नाही. मग ते कशात मोडतं असं धुळाप्पानं विचारलं, तर आबाराव हसले आणि पुढच्या माणसाला पेंढी द्यायला सांगितली.

त्याचा चुलतभाऊ शंकरप्पा आपली मेंढरं घेऊन भीमेच्या काठानं खाली निघाला होता. त्यानं धुळाप्पालाही चल म्हणून आग्रह केला. पण धुळाप्पाच्या तळपायात बाभळीचा काटा मोडून कुरूप झालं होतं, पाय टेकवत नव्हता. शिवाय शंकरप्पाची मेंढरं वाटेनं मरणार, उरलेली खाटीक नेणार, असं त्याचं ठाम मत होतं. त्यानं आपला विचार बायकोला सांगितला. मेंढरं जिवंत आहेत तोवर विकायची. त्या पैशाचं सोनं करायचं. पाऊस पडला की सोन्याची परत मेंढरं करायची. कोंडाबाईला यात काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते तिला बोटानं दाखवता येईना. तिनं एवढंच विचारलं की सोन्याला कोकरं होतात का. धुळाप्पाला राग आला.

बाजारात त्या दिवशी माणसांपेक्षा मेंढरं जास्त होती. भाव ठरवायची रीत जुनीच, उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायची, तोंडानं एक अक्षर काढायचं नाही. खाटकानं धुळाप्पाची बोटं धरली आणि धुळाप्पानं हात झटकन ओढून घेतला, इतका तो भाव कमी होता. दुसऱ्या खाटकानं त्याहून एक बोट कमी धरलं. शेवटी ऊन उतरल्यावर पहिल्यालाच मेंढरं द्यावी लागली. ट्रकच्या फळीवरून ती वर चढत होती तेव्हा धुळाप्पा तोंड फिरवून उभा राहिला. कोंडाबाई बाजाराला आली नव्हती. ती घरी कुपाटं झाडत होती. लेंड्यांचा ढीग बाजूला केला, पाण्याचं घमेलं उपडं घातलं, आणि मग त्या मोकळ्या कुपाट्यात बसून मनसोक्त रडली.

दुसऱ्या दिवशी दोघं तालुक्याला सराफाकडं गेली. सराफ साठीचा, गोड बोलणारा, गिऱ्हाइकाला आधी पाणी देणारा. धुळाप्पानं पैशाचं गाठोडं मांडीवर घेतलं, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि शेठचा हात झाकायला पुढं सरकला. शेठ मोठ्यानं हसले. म्हणाले, इथं बोटं धरायची गरज नाही, भाव पाटीवर लिहिलाय. धुळाप्पाला वाचता येत नव्हतं, पण भाव असा उघड्यावर टांगून ठेवणारा व्यापारी त्यानं जन्मात पाहिला नव्हता. त्याला तो माणूस एकदम आवडला.

धुळाप्पाची नजर नाण्यासारख्या गोल पुतळ्यांच्या डब्यावर होती, पण शेठनं त्याला एक वळं दाखवलं. साधं, जाड, बिननक्षीचं. म्हणाले, "पैसा ठेवायचाय ना? मग हे घ्या. मजुरी कमी बसते. पुतळीला ठसा असतो, कडी असते, प्रत्येक नगाची मजुरी वेगळी लागते."

"येकच वळं म्हंजी येकच मेंढी झाली की, शेठ," धुळाप्पा म्हणाला. "उद्या चार मेंढरं घ्यायची तर वळ्याचा तुकडा मोडू का? मला सुटं पायजे."

शेठनं फार आग्रह केला नाही. दुकानदार कशाला करील. पुतळ्यांचा डबा त्यांनी पुढं ठेवला आणि धुळाप्पा त्यावर असा वाकला जसा बाजारात कळपावर वाकायचा. एकेक पुतळी उचलून उन्हात धरायची, उलटी करायची, काठावरून अंगठा फिरवायचा. ज्यांच्यावरचा ठसा उठावदार, नाक-डोळे स्वच्छ, ज्यांची कडी भरीव, त्याच बाजूला काढायच्या. मळकट ठशाच्या, बारीक कडीच्या त्यानं नाकारल्या. कोंडाबाईला नवऱ्याच्या पारखीचं कौतुक वाटलं. जितकी मजुरी जास्त तितकी पुतळी देखणी, आणि देखणेपणाचे पैसे परत मिळत नसतात, हे त्या दोघांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नाही. आठ पुतळ्या झाल्या. एकेक पुतळी म्हणजे पाच मेंढ्या, असं धुळाप्पानं बायकोला परतीच्या वाटेवर समजावून दिलं. चाळीस मेंढरं तिच्या कनवटीला आली होती आणि एकही बें करत नव्हतं.

घरी आल्यावर त्याला एक काळजी लागली. पुतळ्या कुणी बदलल्या तर? मेंढरं तो लाखात ओळखायचा, पण या आठही जणी तोंडावळ्यानं सारख्या. मेंढपाळ अशा वेळी जे करतो तेच त्यानं केलं. लोकर कातरायची कातर काढली, टोकानं प्रत्येक पुतळीच्या काठाला एक खाच मारली, आपल्या घरची, डाव्या अंगाला तिरपी. त्याचा बाप मेंढरांच्या कानाला मारायचा, तीच. सोनं मऊ, खाच सुरेख बसली. उडालेले कण कोंडाबाईनं बोट ओलं करून जमिनीवरून टिपले आणि चिंधीत बांधले. मग आठही पुतळ्या तिनं काळ्या दोऱ्यात ओवल्या आणि चोळीच्या आत सोडल्या, कारण त्या घराला कुलूप लावण्यासारखं दारच नव्हतं.

खायला मात्र सोनं उपयोगाचं नव्हतं. दोघं रोजगार हमीच्या कामावर गेली. पाझर तलावाच्या कामावर दगड फोडून खडी करायची, आठवड्यानं पैसे आणि गहू. धुळाप्पा लंगडत घण चालवायचा, कोंडाबाई हातोडीनं बारीक करायची. मेंढरामागं चालण्यात जन्म गेलेला, एका जागी बसून दगड फोडणं दोघांच्या अंगवळणी पडेना. सावली कुठं नाही. दगडाची कपची उडायची ती कपाळावर बसायची. वाकलं की पुतळ्या छातीवर आपटायच्या, घामानं दोरा ओला व्हायचा आणि मानेला घासायचा. महिन्याभरात कोंडाबाईच्या मानेभोवती कातडं सोलवटून लाल वळ उठला. शेजारी मथुराबाई बसायची, बौद्धवाड्यातली, जिभेनं तिखट, मनानं चांगली. तिनं तो वळ पाहिला आणि विचारलं, हे कशाचं ओझं वागवतेस गं? कोंडाबाई म्हणाली, देवीचा दोरा आहे. मथुराबाईनं हातोडी पुन्हा उचलली. दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या लुगड्याची एक मऊ पट्टी आणून दिली आणि मानेत घालायला सांगितली.

कोंडाबाईचा दिवस जायचा तो एकाच आधारावर. संध्याकाळी भाकरी थापताना ती बोलायची. ही कडेची पुतळी म्हणजे पहिल्या पाच, त्यातली एक काळ्या तोंडाची घ्यायची. ही दुसरी म्हणजे तरण्या मेंढ्या, यंदाच व्यायच्या. मधलीच्या पाचांत एक एडका, कळपाला नर. धुळाप्पा हुं हुं करायचा आणि पायाचं कुरूप खरवडत बसायचा. एवढ्या सगळ्या हालअपेष्टांत ती दोघं त्या वेळी सुखी होती, हे खरं सांगितलं पाहिजे.

उन्हाळा संपता संपता मुकादम तात्यारावनं ते पाहिलं. कोंडाबाई टोपली उचलायला वाकली आणि चोळीच्या गळ्यातून दोन पुतळ्या बाहेर लोंबल्या. तात्याराव वाईट माणूस नव्हता, पण त्याच्यामागं काम मागणाऱ्यांची रीघ होती. त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "कोंडाबाई, सोनं घालून खडी फोडाय येता व्हय? हितं उपाशी बाया माघारी जायल्यात."

बायांनी हातोड्या थांबवल्या. कोंडाबाईला वाटलं, जमीन फाटावी. तिनं सांगायचा प्रयत्न केला की हे सोनं नाही, मेंढरं आहेत. त्यावर जे हसू फुटलं ते पार बांधाच्या टोकापर्यंत गेलं. तात्याराव म्हणाला, मेंढरं असतील तर चारायला जा मग, आणि तिच्या जागी दुसरी बाई बसवली. मथुराबाई तेवढी हसली नाही. त्या दिवसापासून एकट्या धुळाप्पाच्या कमाईवर दोघांचं चालायला लागलं. कोंडाबाई घरी बसून रिकाम्या कुपाट्याकडं बघायची.

पुढं पाऊस पडला. फार नाही, पण माळ हिरवा दिसण्याइतका. हमीचं काम बंद झालं. धुळाप्पानं दाढी केली, बायकोच्या गळ्यातल्या तीन पुतळ्या दोऱ्यातून काढून घेतल्या आणि तालुक्याला गेला. पंधरा मेंढ्या आधी आणायच्या, बाकीच्या नंतर, असं ठरलं होतं. तो निघाल्यावर कोंडाबाईनं वाकळा उन्हात टाकल्या, कुपाट्याची भगदाडं काट्यांनी बुजवायला घेतली.

शेठनं ओळखलं. पाणी दिलं. पुतळ्या काट्यावर टाकल्या, कसोटीवर घासल्या आणि आकडा सांगितला. धुळाप्पाला वाटलं त्यांनी दोन पुतळ्यांचा सांगितला. मग कळलं की तिन्हींचा आहे.

"शेठ, ह्या तुमच्याच हाईत. तुमीच दिल्याल्या."

"माझ्याच आहेत. सोनंही चोख आहे, मी कुठं नाही म्हणतो," शेठ म्हणाले. "पण तुम्ही घेताना तीन पैसे दिलेत, धुळाप्पा. एक सोन्याचा, एक मजुरीचा, एक माझ्या नफ्याचा. मजुरी कारागिराच्या पोटात गेली. नफा माझ्या. आता तुम्ही आणलंय ते नुसतं सोनं. त्यातही कडीला डाख आहे, म्हणजे जोड, तो हिणकस, तेवढं वजन जाणार. वितळवताना थोडी घट येणार."

"पर पाटीवरचा भाव तर त्योच हाय म्हंत्यात."

"तो विकायचा. घ्यायचा भाव त्याच्या खाली असतो. मधल्या जागेतच माझं दुकान उभं आहे."

ते अगदी शांतपणे, पोराला उजळणी शिकवावी तसं सांगत होते. धुळाप्पा एकेक गोष्ट पुन्हा विचारत होता आणि ते पुन्हा सांगत होते. मग शेठनं एक पुतळी बोटात फिरवली आणि काठाशी थांबले. हे काय झालं म्हणून विचारलं. धुळाप्पाचा चेहरा जरा उजळला. ही आमच्या घरची खूण, त्यानं सांगितलं, आठही जणींना मारलीय, म्हणून तर या बदललेल्या नाहीत हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

शेठनं पुतळी खाली ठेवली. त्यांनाही वाईट वाटलं असावं.

"कोरी असती तर डब्यात ठेवून दुसऱ्याला दिली असती. मजुरीतली थोडी तरी तुम्हाला सोडली असती," ते म्हणाले. "आता खाच पडलेली पुतळी कुणी गळ्यात घालत नाही. ही मोडीतच जाणार. मुशीत घालून वितळवायची, दुसरं काही नाही."

धुळाप्पानं उपरणं मांडीवर ओढलं. त्याखाली आपल्याच एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं धरून त्यानं भाव मांडला. मेंढीचा भाव बाजारात दीडपटीच्या वर गेला होता, कारण दुष्काळात सगळ्यांनीच विकली आणि आता सगळ्यांनाच हवी होती. पाच मेंढ्यांची पुतळी दोन मेंढ्यांवर आली होती. तिन्हींच्या सहा. सगळ्या विकल्या तरी सोळा, आणि त्यातली चार-सहा या पावसात मरणार हे धरून चालायचं. त्यानं बोटं पुन्हा पुन्हा दाबली. हिशेब बदलला नाही. शेठनं लबाडी केली असती तर धुळाप्पा ओरडला असता, चार माणसं गोळा केली असती. पण त्याला कुणी फसवलंच नव्हतं, आणि म्हणून त्याला कुठं दाद मागायची जागा नव्हती.

उठताना शेठ म्हणाले, घाई करू नका, सोनं आहे, ठेवा, भाव चढेल तेव्हा हे सगळं भरून निघेल. किती दिवसांनी, असं त्यानं विचारलं. ते सराफालाही माहीत नव्हतं.

पुतळ्या तशाच घेऊन तो तालुक्याहून परत आला. दिवस बुडायला आला होता. कोंडाबाई वाटेवर येऊन उभी होती आणि त्याच्या मागं धूळ उडतेय का ते बघत होती. तो एकटाच दिसला तरी तिनं विचारलं, मेंढरं मागून कोण आणतंय. धुळाप्पा दगडावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. मजुरी, डाख, घट, दोन भाव, खाच. त्यानं काहीच लपवलं नाही. शेठनं सांगितलं होतं त्याच क्रमानं तो सांगत गेला, जणू एवढं बरोबर सांगितलं तर काहीतरी बदलेल.

कोंडाबाईनं मानेवरची पट्टी सोडली. वळ अजून ओला होता.

"म्हंजी म्या वरीसभर त्या कारागिराची मजुरी गळ्यात वागवली," ती म्हणाली. "तुमी मला मेंढरं हाईत म्हनून सांगितलंसा."

आयुष्यात पहिल्यांदाच त्याला बायकोची भीती वाटली. ती पुढं भांडली नाही. त्याच्या हातातल्या तीन पुतळ्या घेतल्या, दोऱ्यात पुन्हा ओवल्या आणि चुलीकडं गेली. तिनं भांडावं असं त्याला फार वाटत होतं.

मग रोज तेच बोलणं. आता विकाव्यात तर सोळा मेंढरांत कुणाचं घर चालत नाही, आणि विकल्या की गेल्याच. न विकाव्यात तर खायचं काय. दर बाजारी मेंढीचा भाव आणखी चढत होता, म्हणजे थांबावं तरी नुकसान. एके दिवशी कोंडाबाई म्हणाली, विकून टाका एकदाच्या, आणि धुळाप्पा पुतळ्या घेऊन सडकेपर्यंत गेला. एसटी आली. तो चढला नाही. दुसऱ्या बाजारी तो म्हणाला विकतो, तर तिनंच गळ्यावर हात ठेवला. काय वाटतं ते तिनं सांगितलं: आठ आहेत तोवर चाळीस होती असं म्हणता येतं.

तशात शंकरप्पा परतला. निम्मी मेंढरं वाटेत मेली होती, बायको रुद्रम्मा हिवतापानं वाळून काटकुळी झाली होती, पण मागं शंभराच्या घरात मेंढरं होती आणि त्यातल्या कितीतरी गाभण. त्याला माणूस हवा होता. तो धुळाप्पाकडं आला, बसला, चहा घेतला. आधी पायाची विचारपूस केली. मग खाली बघत म्हणाला, "आण्णा, राग नगा मानू. सालानं ऱ्हावा माझ्याकडं. वहिनी बी. पोटाला भाकर, साल सरताना चार कोकरं."

शंकरप्पा वयानं लहान. लहानपणी धुळाप्पानंच त्याला कोकरं धरायला शिकवलं होतं. धुळाप्पानं कोंडाबाईकडं बघितलं. तिच्या गळ्यात अजून सगळ्याच्या सगळ्या पुतळ्या होत्या. त्यानं व्हय म्हटलं.

श्रावण सरल्यावर मूग निघाला, रानं मोकळी झाली. जोंधळा पेरायच्या आधी खतासाठी शेतात मेंढरं बसवायला शेतकरी बोलावू लागले. शंकरप्पाचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बेंबळी गावाच्या अंगाला उतरला. दोघांचं घर मागं राहिलं. पुतळ्या ठेवायला गळ्याशिवाय जागा नव्हती, आणि ज्याच्यापासून लपवाव्यात असा मुकादमही नव्हता, म्हणून कोंडाबाईनं त्या चोळीवर मोकळ्या सोडल्या होत्या. उघड्यावर दोरा घासत नव्हता. वळावर आता खपली धरली होती.

एक सकाळ. शंकरप्पा पुढं पाण्याची जागा बघायला गेला होता. धुळाप्पा लंगडं कोकरू खांद्यावर घेऊन कळपाच्या मागनं येत होता. बांधावरून एक शेतकरी उतरला. त्यानं धुळाप्पाकडं पाहिलं, खांद्यावरचं कोकरू आणि फाटकी घोंगडी पाहिली आणि त्याला ओलांडून सरळ कोंडाबाईपुढं जाऊन उभा राहिला. अदबीनं बोलला. "मालकीणबाई, दोन राती आमच्या रानात बसवा. जोंधळा किती घ्याल ते सांगा."

"मालक म्होरं गेल्यात. त्यास्नी इचारा," कोंडाबाई म्हणाली.

शेतकऱ्याची नजर तिच्या गळ्यावरून हलत नव्हती. तो जरा ओशाळला. "गळ्यात सोनं बघून वाटलं, मेंढरं तुमचीच असत्याल."

"हुती आमची," ती म्हणाली. "हीच ती."

तिनं पुतळ्यांना हातही लावला नाही. शेतकऱ्याला त्यातलं काही कळलं नाही. बाई थट्टा करतेय असं समजून तो हसला आणि शंकरप्पाच्या शोधात पुढं निघून गेला. धुळाप्पानं सगळं ऐकलं होतं. कोंडाबाई मागं वळून बघेल म्हणून तो थांबला. ती वळली नाही. हातातली काठी आपटत कळप पुढं घालत राहिली. त्यानं खांद्यावरचं कोकरू खाली ठेवलं. ते लंगडत आपल्या आईकडं गेलं, आणि पुढनं शंकरप्पाची हाक आली तसा धुळाप्पा घाईनं चालू लागला.